बकरीला सांगितलेलं बाळंतपण

माझ्या पहिल्या बाळंतपणाची अर्धी तयारी मी एका बकरीशी बोलून केली, असं सांगितलं की नाती हसतात. हसू द्या. त्यात खोटं काहीच नाही. आणि बकरीही आता नाही साक्ष द्यायला.

माझं माहेर चांद्याकडच्या मूल गावचं. धानाच्या गिरणीची मागची भिंत तीच आमच्या अंगणाची भिंत. दिवसभर कोंडा उडायचा. चटणी वाटली तर पाट्यावर कोंडा, वेणी घातली तर फणीत कोंडा. सात-आठ वर्षांची असताना मला दमा लागला तो तिथंच. रात्र रात्र उशीला टेकून बसायची आणि छातीत पिपाणी वाजायची. लग्नाची बोलणी झाली तेव्हा आईनं पाहुण्यांना लपवून ठेवलं नाही. म्हणाली, "पोरगी धापते. मंग नोको म्हनजा, काऊन सांगितलं नाई."

समोर माझे होणारे सासरे बसले होते. ते म्हणाले, "धापू द्या. मी बी धापतो. घरात एकट्यानंच किती वर्सं धापू?"

झालं, सोयरीक ठरली.

आमचं सासर ढिवराचं. मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, गाव, आणि पाळीला टेकून शेवटचं घर आमचं. मासोळी धरायची, दोन-तीन बांध्यांत धान लावायचं, चैतात मोहफुलं वेचायची. घरात माणसं चारच. सासूला मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. म्हणजे मनातल्या मनात मामाजी. कारण तेव्हा सुनेनं सासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही, अशी रीत होती. पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस घरात नसेल तर बकरीला.

अंगणात एक काळी बकरी बांधलेली असायची. मामाजी जेवायला बसले आणि मीठ राहिलं तर ते म्हणायचे, "बकरे, आज मिठाचा खडा महाग झाला काय वो?" मी मीठ नेऊन ठेवायची. मला विचारायचं असलं की, "बकरे, भाकर आणखी पायजे काय, विचार." तिनं कधी काही विचारलं नाही, पण आमचं चालायचं. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या घरात बकरीलाच सगळे विचारतात, हिच्याच नावावर शेत दिसतं.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि मला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. पण पाचव्या महिन्यात सुईण पोट पाहायला आली. हात तिचा फार चांगला, तोंडाला मात्र कुलूप नाही. पोट दाबता दाबता म्हणाली, "पोरगं मस्त हाय. पन तुह्या ह्या धापेचं काय करू? पलीकडच्या गावात एक होती तुह्यासारखीच. कळा सुरू झाल्या आन दमच पुरला नाई. दोघं बी गेले."

आत्याबाई तिच्यावर खेकसल्या, "अवं, जिभेला हाड हाय का नाई?" पण बोललेलं माझ्या कानात जाऊन बसलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट. पहिलटकरणीला कळांची भीती असते, मला कळांची नव्हती. मला भीती होती की कळ येईल आणि श्वास येणार नाही.

रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी. पण आईनंच निरोप धाडला, "इथी नोको येऊ बाई, गिरणी दोन पाळ्यांत चालून राह्यली." तेवढं सांगायला तिला किती रडू आलं असेल, ते मला आई झाल्यावर कळलं.

मूलला बाजाराच्या दिवशी सरकारची नर्सबाई बसायची. तिकडं पुण्याकडची होती. पांढरं लुगडं, पायात बूट, आणि बोलणं असं स्वच्छ की मला वाटायचं आपण रागावून घेतोय. घरधनी मासोळी विकायला निघाले तशी मीही बैलबंडीत बसले. नर्सबाईनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आत अख्खी भजनी मंडळी बसली आहेत की!"

मला हसू आलं. मग मी धीर करून विचारलं, "बाई, चांद्याच्या दवाखान्यात म्हनते वास देऊन झोपवतात, कळा समजतच नाई. मले तसं करता येईल काय?"

"वासाचं औषध तुझ्या छातीला झेपेल की नाही, ते डॉक्टरांनी पाहूनच ठरवायला हवं. महिनाभर आधी चांद्याला जाऊन राहशील?"

तिथं आमचं ओळखीचं कोणी नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग नीट ऐक," ती म्हणाली. "खोलीत धूर नको. अजिबात नको. दार-खिडकी उघडी. आडवी झोपू नकोस, बसून राहा, पुढं टेकून. दम लागला तर ही पांढरी गोळी, अर्धी. आणि कळा थांबाव्यात म्हणून कुणी अफूची गोळी दिली, मोहाची दारू दिली, तर तोंड घट्ट मिटायचं. त्यानं श्वास मंदावतो. दुखणं कमी करायला कंबर चोळून घे, गरम पाण्याचा शेक घे. पहिली कळ आली की बंडी पाठव, मी येते."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पुढं पोरांच्या पाट्या पुसता पुसता शिकले. म्हणून मी सगळं बोटांवर मोजून पाठ केलं आणि बंडीत घरी येईपर्यंत पुटपुटत राहिले. घरधनी म्हणाले, "मंत्र म्हनून राह्यली काय?"

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात तसाच वर राहिला.

"धुरी नाई? ओवा नाई, गोवरी नाई? मंग बाळंतपण कायचं? तिले सांग, माह्या सासूनं पाच बाळंतपणं धुरातच केली."

"पन आत्याबाई, तुमी धापत नाई."

"आन वारा लागला म्हंजे? बाळंतिणीले वारा लागला की जल्मभर अंग दुखते."

सुईण तर आणखी पुढं गेली. "दोन घोट मोहाची घेजो, कळा कुठी गेल्या समजनार बी नाई. बसून बाळंत होनं मले जमते, पन उघड्या घरात? बापा! लोकं काय म्हनतील, मांडवात झाली काय?"

सुनेनं किती बोलायचं? पण हे सगळं ओसरीवर मामाजी ऐकत होते. जाळं विणत होते, मान खाली. बाळंतपणाच्या गोष्टीत पुरुषानं पडायचं नाही, आणि सासऱ्यानं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पाण्याला गेल्या तेव्हा ते बकरीजवळ जाऊन उकिडवे बसले. तिच्या पुढं चार पानं टाकली आणि म्हणाले, "बकरे, ती पुन्याची बाई खरं बोलून राह्यली. मी तीस वर्सं झाली धापतो. आडवं पडून धापनाऱ्या कोनालेच दम घेता येत नाई."

मी चुलीपाशी होते. पदर पुढं ओढला आणि कान बाहेर काढले.

"आन एक गोष्ट कोनाले समजत नाई. आपल्याले वाटते दम आत येऊन नाई राह्यला. तसं नसते. आतला जुना दम बाहीर जात नाई, म्हनून नवा आत येत नाई. भरलेल्या टोपल्यात आनखी मासोळी कुठी टाकशील? म्हनून आधी सोडाचं. फुंकर मारल्यासारखं, हळू. घ्याचं आपोआप होते. समजलं काय वो?"

बकरीनं पान चावलं. मी चुलीपासूनच म्हटलं, "बकरे, समजलं म्हन."

असा आमचा क्लास सुरू झाला. मामाजी जाळ्याची दोरी पुढ्यात घ्यायचे आणि एकेक हात ओढत मोजायचे. "एक हात... दोन हात... तीन हात..." दोरी ओढली जाईपर्यंत श्वास सोडत राहायचं. मी भाकरी भाजता भाजता सोडायची. सुरुवातीला चौथ्या हाताला खोकला यायचा. महिन्याभरात मी नऊ हातांवर गेले. मामाजी बकरीला म्हणाले, "वा, बकरे! बुढ्यापेक्षा पुढं गेली तू."

धोतऱ्याच्या पानाची विडी ते दम लागला की ओढायचे. ती मात्र माझ्यासाठी नाही, असं पुढच्या बाजारी नर्सबाईनं सांगितल्यावर त्यांनी माझ्या वाऱ्याच्या दिशेला बसणंसुद्धा सोडलं.

फाल्गुनात एक दिवस आम्ही पाहतो तर मामाजी मागच्या खोलीच्या कुडाच्या भिंतीवरची माती खरवडून काढताहेत. अर्धी भिंत वरपासून खालपर्यंत नुसत्या बांबूच्या कामट्यांची राहिली. तलावावरचा वारा थेट आत यायला लागला. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय मांडलं?"

"वाळवी लागली होती," मामाजी म्हणाले.

"वाळवी भिंतीले लागली का तुमच्या डोक्शाले?"

"दोन्हीकडं असल. पह्यले भिंत पाहून घेतो."

त्याच आठवड्यात त्यांनी बांबूचं एक टेकण केलं. मासोळीचा मोठा टोपला उपडा घातल्यासारखं, वरून गोधडी बांधलेली. पुढ्यात घेऊन बसलं की छाती बरोबर त्यावर टेकायची. ते खोलीत ठेवून गेले आणि कोणाला काही सांगितलं नाही. आत्याबाईंनी ते पाहिलं, हातानं दाबून पाहिलं, गोधडी पातळ वाटली म्हणून स्वतःची एक वर घातली. धुरीचं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. वाळलेल्या गोवऱ्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या.

ठरलेल्या दिवसाला अजून वीस दिवस होते. चैत लागला होता. मोह गळत होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, मोह गळायला लागला की गावात बाई माणूस सापडत नाही. पहाटेच सगळ्या टोपल्या घेऊन जंगलात. त्या दिवशी आत्याबाई गेल्या, सुईणही गेली. घरधनी बंडी घेऊन मूलच्या बाजाराला गेले. मीच म्हटलं होतं, जा, मला काय होतंय.

ऊन अंगणात उतरलं आणि मला पहिली कळ आली. मला वाटलं पोट बिघडलं. दुसरी आली तेव्हा हातातला तांब्या पडला. खोलीत गेले, टेकण पुढ्यात घेतलं. बाहेर ओसरीवर जाळं विणण्याचा आवाज थांबला.

"बकरे," मामाजींचा आवाज, "काय झालं वो?"

मी कण्हले. तेवढं उत्तर त्यांना पुरलं. ते धडपडत उठले. जंगल दूर, धावायचं म्हटलं तर छाती नाही, गल्लीत चिटपाखरू नाही. मला भांडी पडल्याचा आवाज आला. त्यांनी काशाची थाळी उचलली आणि पाळीवर चढून बत्त्यानं बडवायला सुरुवात केली. ठाण ठाण ठाण. तलावाच्या पाण्यावरून आवाज पार जंगलापर्यंत गेला.

आता चूक काय झाली ते पाहा. आमच्याकडं थाळी केव्हा वाजवतात? मूल जन्मलं की. जंगलात बायांनी थाळी ऐकली आणि सगळ्या हातातली फुलं टाकून नाचायला लागल्या! आत्याबाईंना मिठ्या मारल्या. सुईण म्हणाली, "झाली बाई, माह्याविना झाली! आता घाई कायची? झाडाखालचं वेचून घेऊ, मंग जाऊ." आत्याबाई म्हणाल्या, "पोरगा का पोरगी?" त्यावर दोघींची पैज लागली. हे सगळं मला नंतर कळलं.

इकडं मामाजी पाळीवरून खाली आले ते धापतच. पाळ चढून, थाळी बडवून छाती भरून आली होती. भिंतीबाहेर मटकन बसल्याचं मला कळलं. मग त्यांचा श्वास ऐकू आला. आत ओढायचा, आणि मध्येच अडकायचा. हूंक, हूंक. तो आवाज मी ओळखत होते. माझाच होता तो.

मी वाट पाहिली. ते बोलतील, बकरीला काहीतरी सांगतील. काहीच नाही. नुसती हूंक. माझी एक कळ ओसरून गेली होती, दुसरी यायची होती. मधल्या वेळात मला वाटलं, हा माणूस माझ्यामुळं इथं भिंतीशी जाईल. आणि माझ्या तोंडून निघालं,

"मामाजी, घेऊ नोका! आधी सोडा! मी मोजतो. एक हात... दोन हात..."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले. तेसुद्धा ओरडून. तीन हात, चार हात. बाहेर फुंकर ऐकू आली. बारीक, थरथरती. पाच हात. मग आणखी एक. सहाव्या-सातव्या खेपेला त्यांचा आवाज आला, घोगरा.

"बस झालं माय. मी आलो परत. आता तू सांग, तुही कळ आली का?"

आली होती. मोठी होती. मी टेकणाला मिठी मारली आणि त्या अर्ध्या उघड्या भिंतीतून मला कामट्यांच्या फटींत दोरी दिसली, त्यांच्या हातात, हळूहळू सरकणारी.

"सोड पोरी, सोड. एक हात. दोन हात. भारी जाळं हाय, घाई नोको. तीन हात. चार. हे पाहा, काठ दिसून राह्यला. पाच. सहा. आला काठ, आला. आता ढील दे."

कळ ओसरायची त्या वेळेला बरोबर त्यांचा काठ यायचा. माझ्या कण्हण्यावरून त्यांना कळत असावं. दुखत होतं, फार दुखत होतं, खोटं कशाला सांगू. पण दुखणं दोरीएवढं होतं. त्याला शेवट होता. आणि छातीत पिपाणी वाजत असतानाही श्वास येत-जात होता. एकदा फार लागला तेव्हा अर्धी गोळी घेतली. मधल्या वेळात आम्ही गप्पा मारल्या, खरं सांगते! त्यांनी मला विचारलं, तुझ्या माहेरी मासोळीत आंबट काय घालतात. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हनून तुह्या हातची आंबट लागते थोडी. दोन वर्सं झाली, बकरीले सांगून सांगून थकलो." मला कळांत हसू फुटलं.

एवढ्यात पाळीवरून गाण्याचा आवाज आला. बाया आल्या, डोक्यावर मोहाच्या टोपल्या, तालात. आत्याबाई सगळ्यांत पुढं. दारातूनच ओरडल्या, "काय झालं वो, पोरगा का पोरगी?"

मामाजी म्हणाले, "अजून जाळ्यातच हाय!"

मग जी धावपळ झाली! सुईणीनं टोपली तिथंच उलटी केली, अंगणभर मोह. बकरी त्या दिवशी इतका मोह खाऊन बसली की संध्याकाळपर्यंत तिचे पाय सरळ पडत नव्हते. सुईण आत शिरली, हात धुतला, पाहिलं आणि म्हणाली, "डोक्सं खाली आलं. अवं, एवढं झालं आन ही बोलून राह्यली!" सवयीनं तिनं गोवरीकडं हात नेला. आत्याबाईंनी तो हात धरला. माझ्याकडं पाहत होत्या, माझ्या छातीकडं. त्यांनी गोवऱ्यांची सगळी चळत उचलली आणि बाहेर अंगणात फेकली. "धुरी राहू दे. कंबर चोळ तिची," म्हणाल्या.

सुईण म्हणाली, "आन तो बुढा भिंतीजवळ बसला हाय, त्याले तरी हाकल!"

आत्याबाई फटीजवळ गेल्या. मला वाटलं आता झाली खरडपट्टी. त्या म्हणाल्या, "तिकडं तोंड करून बसा. आन मोजत राहा."

ऊन डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी, की पाळीवरचे बगळे उडाले. माझी छाती वाजत होती, पण आत मोकळं मोकळं. सुईणीनं थाळी मागितली तर आत्याबाई म्हणाल्या, "वाजवून झाली ना पह्यलेच. आता काय दोनदा?" पैज कोण जिंकलं ते विचारू नका, "मीच पोरगी म्हनलं होतं" म्हणून दोघी भांडत होत्या सुईण घरी जाईपर्यंत.

घरधनी तिसऱ्या प्रहरी आले, बंडीत नर्सबाईला घेऊन. ती म्हणे सहज पाहायला निघाली होती. माझी छाती ऐकली, पोरीची ऐकली. भिंत पाहिली, टेकण पाहिलं. विचारलं, "हे कुणी सुचवलं?" सगळ्यांनी ओसरीकडं बोट केलं. मामाजींनी जाळ्यात तोंड खुपसलं.

ही गोष्ट घरात राहिली असती तर बरं होतं. पण सुईणीच्या तोंडाला कुलूप नाही, हे मी सांगितलंच. दीड-दोन वर्षांनी शेजारच्या आळीतली सून अडली. दमा-बिमा काही नाही, पहिलटकरीण, घाबरलेली. तिची सासू थेट आमच्या दारात. "बुढ्याले पाठवा, दोरी घेऊन."

मामाजींनी ऐकलं आणि मागच्या दारानं निघून डोंग्यात बसले. तलावाच्या मधोमध जाऊन मासोळी धरायला लागले, भर दुपारी, ज्या वेळी एक मासोळी लागत नाही. बाया सगळ्या काठावर. त्यांत आत्याबाई आणि कडेवर पोरगी घेऊन मी.

"अहो, या ना वो! पोरगी रडून राह्यली तिकडं!"

"मी ढिवर हाय, सुईन नोय!"

"लाज वाटते काय?" आत्याबाई ओरडल्या. "सुनेच्या वेळी नाई वाटली ते?"

"ते घरचं होतं!"

मग मी पुढं झाले. पदर सारखा केला, पाण्यात घोट्यापर्यंत गेले आणि हाक मारली, "मामाजी, चला. मी बी येतो. तुमाले दम लागला त मी मोजीन."

काठावर सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. सून सासऱ्याला हाक मारतेय, भर गावात. मामाजींनी बांबू पाण्यात रोवला. चेहरा असा केला की जसं कोणी बळजबरीनं वरातीला नेतंय. डोंगा मात्र भरभर काठाकडं येत होता.